चौदा सोमवार

१

यंत्राने मर्व्हिन हॅचचं विम्याचं कार्ड तिसऱ्यांदा नाकारलं, तेव्हा विन टॅपलिनने ते स्वेटरच्या बाहीवर खसाखसा पुसलं आणि चौथ्यांदा घातलं. पडद्यावर पुन्हा तेच आलं. या वर्षाची मर्यादा संपली.

"संपली म्हणजे?" विन यंत्रावरच खेकसली. "सुरू कधी झाली होती?"

काउंटरपलीकडे मर्व्हिन टोपी चुरगाळत उभा होता. चोपन्न वर्षांचा, दाराच्या चौकटीएवढा माणूस. पण मार्चपासून तो असा उभा राहायचा, की आपण जागा अडवली याचीच माफी मागतोय. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हेलियरच्या घाटात त्याच्या ओंडक्यांच्या ट्रकचा ब्रेक लागला नाही, आणि समोरून येणाऱ्या छोट्या गाडीतली टेगन नावाची एकोणीस वर्षांची मुलगी जागीच गेली. एप्रिलपासून तो बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या बर्नीतल्या या दवाखान्यात मानसतज्ज्ञाकडे यायचा. सरकार वर्षाला दहा भेटींचे पैसे परत देतं. त्या दहा जुलैअखेर संपल्या. एकाच भेटीचा परतावा सरकारकडून आणि खासगी विम्याकडून असा दोन्हीकडून घेता येत नाही, म्हणून विनने त्याचा खासगी विमा जपून ठेवला होता. वर्षाला सात भेटी. बावीस वर्षं तो माणूस हप्ते भरत आला होता आणि एक दाढ काढण्यापलीकडे त्याने काही मागितलं नव्हतं.

"राहू दे, विन," मर्व्हिन म्हणाला. "मी नंतर येईन."

"नंतर नाही. बस तिथे."

"काही घोटाळा झाला का?" बाकावरून जस्टीन पेथरिक उठली. मर्व्हिन ज्यांचा ट्रक चालवायचा त्या डेलाहंट कंपनीत ती कर्मचाऱ्यांचं कल्याण बघायची. बेटाच्या दक्षिणेकडच्या होबार्टच्या मुख्य कचेरीतून चार तास गाडी हाकत ती दर पंधरवड्याला यायची, मर्व्हिनला दवाखान्यात आणायची, त्याच्या पावत्या घेऊन जायची आणि वरचे पैसे कंपनीकडून मिळवून द्यायची. आवाज मऊ, येताना हातात नेहमी काहीतरी खाऊ. विनला ती आवडायची.

विनने विमा कंपनीला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. पंचवीस मिनिटं वाजंत्री ऐकल्यावर मेलबर्नहून ब्रॅड नावाचा एक मुलगा बोलायला आला.

"हॅच यांनी चौदा भेटींचे क्लेम केलेत. गेल्या वर्षी सात, यंदा सात. सगळ्या तुमच्याच पत्त्यावर, लॅकलन बर्क यांच्याकडे."

"कधीच्या?"

"ऑक्टोबर ते मार्च. सगळे सोमवार. शेवटची भेट मार्चच्या पहिल्या सोमवारची."

"अरे बाबा, हा माणूस या दारातून पहिल्यांदा आत आला तो एप्रिलमध्ये!"

"आमच्याकडे पावत्या आहेत, मॅडम."

"पावत्या मी छापते!"

पलीकडे थोडा वेळ नुसती टकटक ऐकू आली. "तेही मी नोंदवून घेतो," ब्रॅड म्हणाला.

विनने फोन आपटला. जस्टीनने मर्व्हिनच्या दंडावर हात ठेवला. "मोठ्या धक्क्यात माणूस मागचंही विसरतो, मर्व्हिन. मन झाकून टाकतं. यात तुमचा काही दोष नाही."

मर्व्हिनने विनकडे बघितलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"विन," तो हळूच म्हणाला, "मी आलो असेन का गं?"

२

दवाखान्याची मालकीण इमोजेन रॅटरी. मर्व्हिनचे उपचार आता तीच करायची. विम्याकडून आलेली यादी तिने दोनदा वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"याचा अर्थ कळतोय ना तुला, विन? या कागदावर अपघाताच्या आधी पाच महिने हा माणूस मनाचे उपचार घेत होता. कोणाला न सांगता ट्रक चालवत होता."

"खोटं आहे."

"तीन आठवड्यांनी त्या मुलीच्या मृत्यूची कॉरोनरपुढे, त्या चौकशीच्या न्यायाधिकाऱ्यापुढे, चौकशी आहे. मर्व्हिन म्हणतो ब्रेक खराब होते, दोषवहीत तीनदा लिहून दिलं होतं. कंपनी म्हणते, अशी वही सापडत नाही. आता कंपनीच्या वकिलाने ही यादी पुढे केली, की झालं. ब्रेक राहिला बाजूला, डोकं फिरलेला ड्रायव्हर पुढे. खटला त्याच्यावर होईल."

"आपली भेटींची वही आहे की! तिच्यात त्याचं नाव नाही."

"ती वही तू लिहितेस." इमोजेन थांबली. ती वाईट बाई नव्हती, पण घाबरलेली होती. "विन, मला विचारायलाच हवं. तू तर नाहीस ना..."

विन अडुसष्ट वर्षांची होती. तेराव्या वर्षी तिला शाळेतून काढून वाटाण्याच्या कारखान्यात बसवलं होतं. त्रेचाळिसाव्या वर्षी, सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत, पोरांच्या खुर्चीत बसून ती वाचायला शिकली. अजूनही ओळीखाली पट्टी धरल्याशिवाय तिला वाचता येत नसे. या दवाखान्यातली प्रत्येक पावती तिने तशीच, पट्टी धरून, तपासून दिली होती. बारा वर्षांत एक चूक नाही.

"विचारलंस," ती म्हणाली. "आता उत्तर ऐक. नाही. पुन्हा विचारलंस तर किल्ल्या तुझ्या टेबलावर असतील."

त्याच दुपारी विमा कंपनीचं पत्र आलं. तपास पूर्ण होईपर्यंत दवाखान्याचं यंत्र बंद. आता प्रत्येकाने आधी रोख भरायचे आणि परताव्याची वाट बघायची. ज्यांच्याकडे भरायला नव्हते ते दोघं दारातूनच परत गेले, आणि जाताना विनकडे बघून गेले.

लॅकलन बर्क जूनमध्ये इमोजेनशी कडाक्याचं भांडून होबार्टला निघून गेला होता. मर्व्हिनच्या पहिल्या दोन भेटी त्याच्याकडे झाल्या होत्या. विनने त्याला फोन लावला.

"चौदा पावत्यांवर तुझं नाव आहे, लॅकलन. सगळ्या खोट्या."

"आणि म्हणून मी चोर? वा, विन! इमोजेनने सांगितलं असेल."

"मी विचारतेय. गेल्या ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत दर सोमवारी तू इथेच होतास."

"होतो ना. त्या कोंदट खोलीत, खिडकीशिवाय. सोमवारी तर लागोपाठ सहा-सहा जण. जेवायला वेळ नाही." तो तणतणला. मग त्याचा आवाज जरा खाली आला. "ऐक. मला चोरायचं असतं, तर असं चोरलं नसतं. अशी पावती चढवली, की पैसे मला येत नाहीत. पेशंटच्या खात्यात जातात. विमा कंपनीकडे ज्याचं खातं लिहिलंय, त्याच्या. ते खातं कोणाचं आहे ते बघ, म्हणजे तुला चोर सापडेल."

विनने लगेच ब्रॅडला फोन केला. खातं कोणाचं हे सांगता येणार नाही, असं ब्रॅड म्हणाला. गोपनीयता.

"कोणापासून गोपनीयता? मर्व्हिन माझ्या शेजारी बसलाय!"

"मग त्यांनी पासवर्ड सांगावा."

मर्व्हिनने मान हलवली. पासवर्ड त्याला माहीत नव्हता. त्याच्या आयुष्यातले सगळे पासवर्ड जिला माहीत होते, ती बाई दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती.

३

रीटा हॅच शेजारच्या विनयार्ड गावच्या बेकरीत होती. दुपारचे बारा, स्कॅलॉप नावाच्या शिंपल्याचं सारण भरलेल्या पाईसाठी रांग बाहेर फुटपाथवर गेलेली. विनला बघून तिने हातातला चिमटा तसाच रोखला.

"त्याने पाठवलं का तुला?"

"नाही. मी आले. त्याच्या विम्यावर गेल्या वर्षापर्यंत तुझंही नाव होतं."

"होतं. आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीचा पासवर्ड म्हणजे कुत्र्याचं नाव. पुढे बोल."

"कोणीतरी त्याच्या नावावर चौदा भेटींचे पैसे उचललेत."

रीटाने चिमटा ठेवला. रांगेतला म्हातारा म्हणाला, "बाई, माझी पाई थंड होतेय." रीटा त्याच्यावर फिस्कारली, "तुझं आख्खं आयुष्य थंड झालंय, टेड, पाच मिनिटांनी काही बिघडत नाही." मग विनकडे वळली. "मी त्या माणसाला सोडलं, कारण तो घरात असून नसायचा. ट्रक, ट्रक आणि ट्रक. पण मी त्याला लुबाडीन? त्या मुलीच्या अपघातानंतर तो जेवत नव्हता, तेव्हा सूप कोणी नेऊन दिलं? त्या होबार्टवालीने? ती केक आणते. केक खायची अवस्था होती का त्याची?"

"मग चल माझ्याबरोबर. पासवर्डच्या भानगडीत नको, बँकेचेच कागद बघायचेत."

"चल म्हणजे?"

"आत्ता."

बेकरीच्या गाडीतून दोघी मर्व्हिनच्या घरी गेल्या. स्वयंपाकघरातल्या खालच्या कप्प्यात मार्चपासूनचं सगळं टपाल न उघडता कोंबलेलं होतं. "मला पाकीट उघडायची भीती वाटते," मर्व्हिन म्हणाला. "वाटतं, त्या मुलीच्या आईचं पत्र असेल."

रीटाने खुर्ची ओढली आणि ती सुरीने एकेक पाकीट फोडायला लागली. बँकेचं पाकीट सातवं निघालं. विनने पट्टी लावली.

मे महिना. एका मंगळवारी सात वेळा पैसे जमा. दुसऱ्या दिवशी आणखी सात वेळा. विमा कंपनीकडून.

खातं मर्व्हिनचं होतं. त्याचं स्वतःचं, पगाराचं. एक सेंटही कोणी काढला नव्हता.

रीटाने कागद हातात घेतला, परत ठेवला. "मर्व्ह," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, "हे तूच केलंस?"

मर्व्हिन दोन्ही हातांत डोकं धरून बसला. "मला आठवत नाही," तो म्हणाला. "देवाशपथ, मला काहीच आठवत नाही. जस्टीन म्हणते तेच खरं असेल. ती एक कागद आणणार आहे. मी आधीपासून आजारी होतो एवढं कबूल केलं, तर कंपनी सांभाळून घेईल म्हणते. गुरुवारी सही करून टाकतो."

४

त्या रात्री विनला झोप नीट लागली नाही, ती रागाने. सकाळी दवाखाना उघडण्याआधीच ती काउंटरवर बसली. एका बाजूला विमा कंपनीची यादी, दुसऱ्या बाजूला तिची भेटींची वही, मध्ये लाकडी पट्टी.

चोराने चोरी करायची आणि पैसे ज्याचे चोरले त्यालाच द्यायचे, हे कुठलं चोरपण? आतापर्यंत सगळे पैशाच्या मागे धावले होते. विमा कंपनी, इमोजेन, लॅकलन, ती स्वतः. पण पैसे कोणाला नकोच असतील तर? पैसे बाजूला केले तर या चौदा पावत्यांतून काय उरतं? नुसती एक नोंद. अमुक माणूस अमुक दिवसांपासून आजारी होता, एवढीच.

आणि दुसरी गोष्ट. यादीच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ होती, ती इमोजेनच्या नजरेतून सुटली होती, कारण इमोजेन भरभर वाचते. ही यादी यापूर्वी एकदा दिली गेली होती. जूनमध्ये. डेलाहंट कंपनीच्या वकिलाला, चौकशीसाठी.

जूनमध्ये! तेव्हा मर्व्हिनलाच माहीत नव्हतं, की त्याच्या नावावर असं काही आहे. विनला माहीत नव्हतं. मग तिथे शोधायला जायचं त्या वकिलाला कोणी सांगितलं?

तिने पट्टी पहिल्या तारखेखाली सरकवली. ऑक्टोबरचा तिसरा सोमवार. वहीत तो दिवस: लॅकलन, पाच जण. पट्टी खाली. ऑक्टोबरचा चौथा. सहा जण. पट्टी खाली. नोव्हेंबरचा पहिला सोमवार.

विन थांबली. वहीतल्या त्या पानावर तिच्याच हाताने काढलेली एक तिरपी रेघ होती.

तिने फोन उचलला. यावेळी वाजंत्री वीसच मिनिटं वाजली.

"ब्रॅड, नोव्हेंबरचा पहिला सोमवार कसला दिवस?"

"कामाचा, मॅडम. आमच्या कॅलेंडरवर कामाचा आहे."

"तुमच्या! तुमच्याकडे मंगळवारी शर्यतीचे घोडे पळतात म्हणून गाव बंद, ते तुम्हाला बरोबर माहीत. आमचा सोमवार कुठे गेला?"

"कुठला सोमवार, मॅडम?"

"राहू दे," विन म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. तिने पट्टी पुढे सरकवली. जानेवारीचे तीन सोमवार. फेब्रुवारीचा पहिला. मग एकदम फेब्रुवारीचा तिसरा. दुसरा नव्हता. वहीत मात्र फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी लॅकलनचं पान काठोकाठ भरलेलं होतं, आणि खाली विनने लिहिलं होतं, ‘जेवायलाही उठला नाही.’

चौदा सोमवारांत एक जास्तीचा आणि एक गाळलेला. विनने वही मिटली.

तेवढ्यात फोन वाजला. रीटा होती. "विन, मी त्याच्या दारात आहे. ती बाई आलीय, गुरुवारऐवजी आजच. टेबलावर कागद पसरलेत आणि त्याच्या हातात पेन दिलंय."

"त्याला चहा करायला लाव. काहीही कर. सही होऊ देऊ नकोस."

५

विन पोचली तेव्हा टेबलावर नारळाचा कीस लावलेले लॅमिंग्टन केक होते, तीन पानी करारपत्र होतं आणि तीन कप चहा गार होत चालला होता. रीटाने एकापाठोपाठ एक तीन वेळा चहा केला होता.

"बरं झालं आलात," जस्टीन हसून म्हणाली. "मर्व्हिनला तुमचा आधार वाटतो. हे सगळं त्याच्या भल्यासाठीच आहे."

"असेलच. एक विचारू, जस्टीन? नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी तुम्ही काय करत होतात?"

"मी? कामावर असेन. सोमवार म्हणजे कामच ना?"

गॅसपाशी उभी असलेली रीटा वळली. विनने तिला हाताने थांबवलं.

"आणि तू, मर्व्ह?"

मर्व्हिनने डोकं वर केलं. असा साधा प्रश्न त्याला कित्येक दिवसांत कोणी विचारला नव्हता. "रिक्रिएशन डेच्या सुट्टीला? गाडीच चालवत होतो. लाकूड सुट्टी बघत नाही. पण गावात सगळं बंद होतं. साधी पाई मिळाली नाही कुठे, सकाळपासून उपाशी..." तो बोलता बोलता थांबला. "सगळं बंद होतं, विन."

"दवाखानाही. आख्ख्या इमारतीला कुलूप होतं. खाली बँक, वर आपण, कुलूप बँकेच्या शिपायाचं. माझी वही खोटी धरा, पण त्याचं कुलूप खोटं नाही. त्या दिवशी तू लॅकलनला भेटलास अशी पावती आहे."

जस्टीनच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळे त्यात नव्हते. "छपाईची चूक असेल."

"बेटाच्या या वरच्या अर्ध्या भागात नोव्हेंबरमध्ये सुट्टी असते. खालच्या अर्ध्यात नसते. खालच्यांना ती फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी मिळते, होड्यांच्या शर्यतींची. तुम्ही त्या दिवशी होबार्टच्या धक्क्यावर असाल. आम्ही इथे काम करत होतो. लॅकलनने त्या दिवशी सहा जणांना बघितलं. पण पावत्या बनवणाऱ्याने फेब्रुवारीतला तेवढा एकच सोमवार गाळला, सुट्टी म्हणून. काळजीने गाळला. लॅकलन तेव्हा इथला होता, तो अशी चूक करणार नाही. मी नाही, इमोजेन नाही, रीटा तर जन्मल्यापासून इथली. हे आमच्यापैकी कोणीच लिहिलेलं नाही."

"होबार्टमध्ये दोन लाख माणसं राहतात, विन."

"राहू देत. त्यातल्या किती जणांनी मर्व्हिनच्या एप्रिलच्या पावत्या नेल्या, लॅकलनच्या नावाच्या, नक्कल करता येईल अशा? मर्व्ह, विम्याचं ते फोनवरचं खातं तुला उघडून कोणी दिलं?"

"हिनेच," मर्व्हिन म्हणाला. "मे महिन्यात. याच टेबलावर. मला ते जमत नाही म्हणून."

"आणि महिन्याभरात तुमच्या वकिलाने यादी मागितली. जिथे काही नसायलाच हवं होतं, तिथे त्याने थेट जाऊन बोट ठेवलं. पैसे मर्व्हिनच्या खात्यात पडू दिलेत, म्हणजे उद्या कोणी म्हणेल, पैसे तर यानेच घेतले. हुशारी होती. पण परताव्याचा कारभार तुम्हाला नीट माहीत नव्हता. यंदाच्या सातही भेटी तुम्ही भरून टाकल्यात. चारांवर थांबला असतात, तर त्याचं कार्ड परवा चाललं असतं आणि आम्हाला चौकशीच्या दिवशीच कळलं असतं."

जस्टीनने लॅमिंग्टनची पेटी उगाच सरळ केली.

"साठ माणसं आहेत कंपनीत," ती शेवटी म्हणाली. आवाजातला मऊपणा गेला होता. "ब्रेकचं बाहेर आलं तर सगळे ट्रक उभे राहतील. साठ घरं. मला साहेबांनी एवढंच सांगितलं, याच्या आजाराचा काही पुरावा मिळतो का बघ. नव्हता. म्हणून... मुलगी तर गेलीच होती. ती काही परत येणार नव्हती."

मर्व्हिन उठला. खुर्ची मागे पडली. रीटा मध्ये आली, पण त्याने जस्टीनला हातही लावला नाही. टेबलाला धरून तो वाकला, आणि मार्चपासून न निघालेला आवाज त्याच्या छातीतून निघाला.

"तू माझ्या शेजारी बसलीस! दर पंधरवड्याला! माझा हात धरून म्हणालीस, मन झाकून टाकतं. मला वाटायला लागलं होतं, मी त्या मुलीला मारलं आणि त्याच्या आधीचंही काहीतरी विसरलो. रात्रभर आठवत बसायचो मी. न घडलेले सोमवार आठवत बसायचो! ती वही कुठाय?"

"कुठली?"

"ब्रेकची! तीनदा लिहिलं मी. कुठाय?"

जस्टीन दाराकडे बघत होती. दारात रीटा उभी होती आणि तिच्या हातात अजून किटली होती.

"साहेबांच्या कपाटात," जस्टीन म्हणाली. "फेकली नाही त्यांनी. मीही नाही."

६

चौकशीच्या दिवशी कॉरोनरपुढे ती वही होती. तीन नोंदी, तीन तारखा, खाली मर्व्हिनची वाकडीतिकडी सही. कुलपाच्या तारखांची यादी घेऊन बँकेचा शिपाई आला होता, लॅकलन होबार्टहून स्वतःच्या खर्चाने आला होता. जस्टीनने सगळं लिहून दिलं होतं. तिने ते पश्चात्तापाने दिलं की स्वतःची कातडी वाचवायला, याची विनने चौकशी केली नाही.

तरी कंपनीच्या वकिलाने प्रयत्न सोडला नाही. "हॅच, सध्या तुम्ही मानसोपचार घेताय हे तर खरं?"

"खरं," मर्व्हिन म्हणाला. तो सरळ उभा होता. पहिल्या रांगेत बसलेल्या कंपनीच्या मालकाकडे, डेलाहंटकडे, तो बघत होता. "अपघाताआधी मी ठणठणीत होतो. ब्रेक आजारी होते. ते बरे करायला मी तीनदा सांगितलं. ते स्वस्तात झालं असतं. ती मुलगी आज कामावर गेली असती, आणि मला या बायकांना त्रास द्यायला लागला नसता."

दुसऱ्या बाजूला टेगनची आई बसली होती. ती मर्व्हिनकडे बघून हसली नाही की रडली नाही. तिने फक्त आपली खुर्ची उचलली आणि डेलाहंटच्या समोर, त्याला मान वळवायला जागा राहणार नाही अशी, नेऊन ठेवली. उरलेला दिवस ती त्याच्याकडे बघत बसली.

खटला कंपनीवर झाला. त्याचं काय व्हायचं ते पुढे होईल.

विमा कंपनीने दोन ओळींचं पत्र पाठवलं. खोट्या भेटी रद्द, यंदाच्या सातही भेटी पुन्हा खुल्या, यंत्र पुन्हा चालू, गैरसोयीबद्दल दिलगिरी. सोबत एक कागद होता. आमची सेवा कशी वाटली? एक ते दहा गुण द्या. विनने पट्टी लावून ते संपूर्ण वाचलं. मग तिने गुणांच्या चौकटी सोडून दिल्या आणि कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसली. तिला पाऊण तास लागला. काय लिहिलं ते तिने इमोजेनलाही दाखवलं नाही.

इमोजेनने त्या दिवशी तिच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "मी तुला तसं विचारायला नको होतं."

"नको होतं," विन म्हणाली, आणि चहा प्यायली.

पुढच्या मंगळवारी मर्व्हिन एकटाच आला. कार्ड यंत्राने पहिल्याच वेळी घेतलं. तो आतल्या खोलीत गेला आणि दार लागलं. पाच मिनिटं सगळं शांत होतं. मग आतून आवाज यायला लागला. आधी पुटपुट, मग बोलणं, मग ओरडणं. डेलाहंटचं नाव, घाटाचं नाव, त्या मुलीचं नाव, पुन्हा पुन्हा. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरेल असं.

बाहेर बाकावर बसलेल्या एका नव्या बाईने घाबरून पर्स छातीशी धरली. "काय चाललंय आत? कोणाला बोलवायला नको का?"

विनने रेडिओचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. फुटबॉलचा सामना खोलीभर दणाणला.

"बसा हो," ती ओरडून म्हणाली. "त्याची वेळ आहे. अजून पस्तीस मिनिटं बाकी आहेत."